ताकदीची सुई : चालू ठेवावी की थांबवावी?

खोंड खच्ची केला म्हणजे त्याच्यात काय बदल होतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. जनावरांच्या दवाखान्यात चिमटा लावून वृषणाकडे जाणाऱ्या शिरा दाबल्या की काही आठवड्यांत वृषण सुकते. वशिंड आणि मान भरायची थांबते, अंगातली मस्ती उतरते, आणि कालपर्यंत दावे तोडून पळणारा खोंड मानेवर जू घेऊन मुकाट चालू लागतो. वृषणात काहीतरी तयार होते, ते अंगभर फिरते आणि नराला नरपण देते, हे माणसाने जनावरांवरूनच फार पूर्वी ओळखले होते. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

१८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी काही कोंबड्यांची वृषणे काढून टाकली. त्यांचा तुरा सुकला, आरवणे थांबले. दुसऱ्या काही कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तेव्हा ते पहिल्यासारखे आरवू आणि झुंजू लागले. पुढे १९३५ साली आम्स्टरडॅम येथे लाकर यांच्या प्रयोगशाळेत वळूंची सुमारे १०० किलो वृषणे घेऊन त्यांतून जेमतेम १० मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ काढण्यात आला. त्याला टेस्टोस्टेरॉन असे नाव मिळाले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका या दोघा शास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून वेगळे काम करून, तो कारखान्यात बनवता येईल अशी रीत शोधली.

आज तोच पदार्थ तेलात मिसळून कुपीत भरलेला, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळतो. त्याची मलमासारखी जेल आणि पोटात घ्यायच्या कॅप्सूलही मिळतात. आपल्याकडे मात्र सर्वांचे नाव एकच, ‘ताकदीची सुई’. कोणाला ती मोठ्या इस्पितळातून लिहून मिळाली, कोणाला व्यायामशाळेतल्या मित्राने आणून दिली, कोणाला जाहिरात वाचून मोह पडला. आणि वर्ष-दोन वर्षे घेतल्यावर प्रश्न एकच उभा राहतो : ही आता चालू ठेवायची की थांबवायची?

मी शेतकी पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. पण खर्डी, कसारा, डोळखांबकडच्या पाड्यांवर बियाण्याच्या आणि खताच्या निमित्ताने फिरताना लोक पिकाच्या रोगाबरोबर घरच्या रोगाचेही बोलतात. त्यातही पुरुषाचे हे दुखणे असे, की माणूस भावाशी बोलत नाही, डॉक्टरांपुढे मान खाली घालतो, आणि बांधावर परक्या माणसाला हळूच विचारतो. म्हणून या विषयावर डॉक्टर मंडळींकडून जे समजून घेतले आणि जे वाचले, ते येथे मांडत आहे.

मातीत युरिया टाकायचा की नाही, याचे उत्तर मातीत काय कमी आहे यावर ठरते. या सुईचे उत्तरही, ती मुळात कशासाठी सुरू झाली, यावरच ठरते. ज्याला थांबवायचा किंवा चालू ठेवायचा विचार करायचा आहे, त्याने प्रथम पहिली सुई घेण्यापूर्वीचा रक्ताचा कागद शोधावा. तो कागद आहे की नाही, असल्यास त्यावर काय आहे, यावरून निम्मा निर्णय होतो. सारख्याच सुईची उत्तरे कशी अगदी उलटी निघतात, हे माझ्या पाहण्यातल्या दोन घरांवरून सांगतो. नावे अर्थातच देत नाही.

घोणशीने नेलेले संप्रेरक

पहिले घर खर्डीपासून थोडे आत, जंगलाच्या कडेला आहे. चाळिशीतला शेतकरी, पावणेदोन एकर भात आणि थोडी वरी-नाचणी. भातकापणीच्या वेळी पेंढ्याखालच्या घोणशीने त्याच्या हाताला दंश केला. लस मिळाली, पण वेळ गेला होता. लघवी बंद झाली, मूत्रपिंडे थांबली, पुष्कळ दिवस डायलिसिसवर काढावे लागले. गडी वाचला, घरी आला, गावाने नारळ फोडला. पुढचे कोणी पाहिले नाही. वर्षभरात त्याची दाढी विरळ झाली, काखेतले केस गेले, पावसात थोडे भिजला तरी थंडीने कुडकुडू लागला. औत धरले की अर्ध्या तासात बसे. नवरा-बायकोचे संबंध जवळजवळ संपले. बायकोला वाटले याचे मन दुसरीकडे गेले. वडील माणसे म्हणाली, साप उतरला पण त्याचे काही अंगात राहिले. भगताकडे दोन कोंबडी गेली.

वडील माणसांचे म्हणणे एका अर्थी खरेच निघाले. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, तिला पियूषिका म्हणतात. ती स्वतः थोडेच काम करते, पण इतर ग्रंथींना हुकूम सोडते. वृषणाला हुकूम गेला की टेस्टोस्टेरॉन तयार होते. गळ्यातील थायरॉइडला हुकूम गेला की अंगात ऊब राहते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना हुकूम गेला की कॉर्टिसॉल तयार होते. तापात, जखमेत, उपासात माणूस तग धरतो तो या कॉर्टिसॉलवर. घोणशीच्या विषाने रक्ताच्या गोठण्याचा सगळा कारभार बिघडतो. त्यात या एवढ्याशा ग्रंथीत रक्तस्राव होऊन किंवा तिचा रक्तपुरवठा तुटून ती कायमची निकामी होऊ शकते. ब्रह्मदेशातील घोणसदंशाच्या रुग्णांमध्ये हा प्रकार आढळल्याचे १९८७ साली वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर आपल्या देशातील डॉक्टरांनाही तो दिसला, विशेषतः ज्यांची मूत्रपिंडे दंशानंतर बंद पडली होती त्यांच्यात. परळच्या ज्या राष्ट्रीय संस्थेचा मूळ विषय प्रजनन आणि बालआरोग्य आहे, तिनेच सर्पदंशावरच्या राष्ट्रीय प्रकल्पासाठी महाराष्ट्रातून गडचिरोलीतील अहेरी आणि आपला शहापूर हे तालुके घेतले. आपल्या तालुक्यात दंश किती होतात, हे यावरून समजावे.

(भगिनींसाठी एक वाक्य येथेच सांगून ठेवतो. बाळंतपणात फार रक्त गेलेल्या बाईची हीच ग्रंथी अशीच निकामी होऊ शकते. नंतर दूध न येणे, पाळी परत सुरू न होणे, सदा थकवा आणि थंडी ही तिची लक्षणे. ‘अशक्तपणा’ म्हणून ते सोडून देऊ नये.)

या गृहस्थाला मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात निदान मिळाले. दोन प्रकारच्या गोळ्या रोज आणि टेस्टोस्टेरॉनची सुई दर तीन आठवड्यांनी, असे औषध ठरले. सहा महिन्यांत दाढीचा वस्तरा पुन्हा लागला. बायको पुन्हा हसून बोलू लागली. आणि मग, गडी बरा दिसू लागल्यावर, थोरल्या भावाने हिशेब मांडला. दर तीन आठवड्यांनी कसारा लोकलने दिवस मोडायचा, मजुरी बुडवायची, औषधाचा खर्च वेगळा. “आता बरा झालास ना? बास कर त्या सुया. सवय लागंल अंगाला.” आणि तो मला विचारत होता, “साहेब, दादा म्हनतो ते खरं का?”

खरे नाही. ज्याचा कारखानाच बंद पडला आहे, त्याला बाहेरून माल आणावाच लागतो. मधुमेहाच्या काही रोग्यांना इन्सुलिन जसे जन्मभर लागते, तसे हे आहे. यात ‘सवय’ लागण्याचा प्रश्न येत नाही, कारण आत बनत असलेले काही थांबायला उरलेलेच नसते. सुई थांबवली तर आठवड्याभरात काही होणार नाही, आणि यानेच माणूस फसतो. महिना-दोन महिन्यांत पुन्हा थकवा, चिडचिड, अंगातून वाफा येणे, इच्छा जाणे सुरू होते. वर्षानुवर्षे थांबली तर हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, दंडाचे मांस जाऊन पोटाची चरबी वाढते.

याहून मोठा धोका वेगळाच आहे, तो सगळ्या घराने नीट समजून घ्यावा. अशा माणसाची सगळी औषधे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. ‘सुया बंद’ असे ठरले की पिशवीच बंद होते. टेस्टोस्टेरॉन थांबल्याने माणूस त्या आठवड्यात मरत नाही. पण पिशवीतल्या कॉर्टिसॉलच्या गोळ्या (हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन) अचानक थांबल्या आणि त्याच सुमारास साधा ताप किंवा जुलाब झाले, तर दोन दिवसांत माणूस जाऊ शकतो. त्या गोळ्या कोणत्याही कारणाने थांबवू नयेत. उलट आजारपणात त्या वाढवाव्या लागतात. किती वाढवायच्या ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

याच जातीत आणखी काही जण बसतात. मोठेपणी गालगुंड होऊन ज्यांची दोन्ही वृषणे सुकली, अपघातात किंवा कर्करोगामुळे ज्यांची ती काढावी लागली, जन्मतःच गुणसूत्रांत एक जास्त आल्याने ज्यांची वृषणे लहान राहिली, आणि पियूषिकेवर गाठ होऊन जिची शस्त्रक्रिया झाली असे रुग्ण. या सर्वांना सुई ‘ताकदीसाठी’ दिलेली नसते. मूळची भर म्हणून दिलेली असते. तेव्हा विचार करायचा तो चालू ठेवण्याच्या सोयीचा. तीन आठवड्यांच्या सुईऐवजी साधारण अडीच-तीन महिन्यांनी घ्यायची लांब मुदतीची सुई मिळते. ती महाग पडते, पण लोकलच्या फेऱ्या आणि मोडलेले दिवस धरून हिशेब केला तर कधी कधी तीच परवडते. शिवाय इस्पितळाच्या डॉक्टरांकडून पत्र आणले, तर सुई टोचण्यापुरते काम आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात होते का, ते विचारून पाहावे. तपासणीला मात्र सांगितलेल्या तारखेला मुंबईला जावेच.

तीन वर्षे झाली, पाळणा हलला नाही

दुसरे घर महामार्गाच्या बाजूचे आहे. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, गोदामात नोकरी, अंगाने राजबिंडा. लग्नाला तीन वर्षे होऊन मूल नाही. सुनेचे सगळे करून झाले होते. नवस, अंगारे, शहापूरच्या दवाखान्यात सोनोग्राफी, कल्याणला नळ्यांची तपासणी. तिचे माहेर मुरबाडकडचे. तिकडे निरोपही गेला होता की दिवाळीपर्यंत पाहू, नाहीतर मुलगी घेऊन जा. मुलाची एकही तपासणी झाली नव्हती. “त्याच्यात काय बघायचंय? त्याच्याकडं बघून कळत नाय का?” असे त्याच्या आईने मला ऐकवले.

बघून कळत नाही, हीच या औषधाची खुबी आहे. मुलगा दोन वर्षे व्यायामशाळेतून आणलेल्या सुया घेत होता. त्याला कधी काही कमी नव्हते. मित्रांनी सांगितले, छाती भरते, म्हणून त्याने घेतली. छाती भरलीही. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन येऊ लागले की पियूषिका वृषणाला हुकूम देणे बंद करते. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते, तिच्यात नळाच्या तोंडाशी तरंगता चेंडू असतो. टाकी भरली की चेंडू वर येऊन नळ बंद करतो. आता नळाचे पाणी ठीक येत असताना कोणी रोज टँकर आणून वरून टाकी भरू लागला, तर चेंडू वरच राहणार आणि नळ बंदच राहणार. टँकरची गोष्ट आपल्या तालुक्याला समजावून सांगावी लागत नाही. तानसा, वैतरणा, भातसा उशाशी असून उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहणारे. असो. मुद्दा असा, की नळ बंद झाला की वृषणातील शुक्रजंतूंचे पीकही थांबते. सुईचे टेस्टोस्टेरॉन रक्तात भरपूर असते, म्हणून दाढी, दंड, इच्छा सगळे जागच्या जागी दिसते. पण वीर्यात शुक्रजंतू अगदी थोडे किंवा एकही नसतो. हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी संततिनियमनाचे साधन म्हणून याच सुईच्या चाचण्या केल्या, आणि पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले.

आणि दोष मात्र सुनेच्या पदरात टाकलेला.

मूल होत नसेल तर नवऱ्याची वीर्यतपासणी आधी करावी. ती स्वस्त आहे, तिच्यात दुखत नाही, आणि बाईच्या नळ्यांच्या तपासणीपेक्षा शंभरपट सोपी आहे. गाय गाभण राहत नाही म्हणून वळूकडे न बघता गायीलाच बाजार दाखवणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. सुनेच्या बाबतीत मात्र तेच चालते.

अशा तरुणाने सुई थांबवावी, यात दोन मते नाहीत. ज्याला नजीकच्या काळात मूल हवे आहे त्याला टेस्टोस्टेरॉन सुरूच करू नये, असे अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१८ चे मार्गदर्शनही सांगते. थांबवल्यावर काय होते? संततिनियमनाच्या चाचण्यांत भाग घेतलेल्या निरोगी पुरुषांचा एकत्रित हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. सुई थांबवल्यावर ६ महिन्यांत सुमारे ६७ टक्के, १२ महिन्यांत ९० टक्के आणि दोन वर्षांत सर्वांच्या शुक्रजंतूंची संख्या समाधानकारक पातळीला परत आली होती. पण ती माणसे मुळात निरोगी होती आणि त्यांचे डोस मोजून दिलेले होते. व्यायामशाळेतल्या कुपीत काय असते आणि मुलगा किती घेतो याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. त्याला याहून उशीर लागू शकतो, आणि क्वचित पूर्ण भरपाई होतही नाही. फार उशीर होत असेल तर तज्ज्ञ डॉक्टर गरोदर स्त्रियांच्या लघवीतून काढलेले एक संप्रेरक सुईने देतात. ते पियूषिकेच्या हुकमाचे काम करते आणि वृषणाला जागे करते. हे उपचार मात्र मित्राच्या सांगण्यावरून करू नयेत. पहिल्या घरातल्यासारख्या पियूषिका गेलेल्या तरुणालाही मूल हवे असेल, तर टेस्टोस्टेरॉन थांबवून हाच मार्ग धरतात, हेही येथे नमूद करतो.

थांबवल्यानंतरचे पहिले काही आठवडे कठीण जातात, हे घरच्यांनी आधीच जाणून असावे. टँकर बंद झाला आणि नळ अजून सुरू व्हायचा, अशी ती मधली वेळ असते. माणूस गळून गेल्यासारखा होतो, चिडतो, उदास बसतो, इच्छा राहत नाही, दंड उतरतात. नेमके याच वेळी त्याला वाटते, ‘बघा, सुईशिवाय मला जमतच नाही’, आणि तो पुन्हा सुरू करतो. सहा आठवड्यांची ही मरगळ म्हणजे सुईची जन्माची गरज होती याचा पुरावा नव्हे. त्या काळात बायकोने आणि आईने टोमणे मारू नयेत. फारच उदास दिसला, जिवाचे बरेवाईट बोलू लागला, तर त्याला एकटा सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे.

(कबड्डी खेळणाऱ्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावे. टेस्टोस्टेरॉन खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांत येते. वरच्या पातळीवर लघवीची तपासणी होते, तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.)

साठीनंतरची सुई

या दोन टोकांच्या मध्ये बरीच माणसे आहेत, आणि खरी पंचाईत त्यांची आहे. साठीच्या आसपासचा गृहस्थ, थोडा मधुमेह, थोडे पोट, रात्री घोरणे, दिवसा झोप, कामात आणि संसारात मन नाही. कोणीतरी रक्त तपासून सांगितले की टेस्टोस्टेरॉन कमी आहे, आणि सुई सुरू झाली. वर्ष झाले. आता?

येथे प्रथम तो पहिला कागद पाहावा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते, दिवसा उतरते. म्हणून तपासणी सकाळी, उपाशीपोटी, आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करायची असते. दुपारी चार वाजता, तापातून उठल्यावर, एकदाच घेतलेल्या रक्तावर निदान करणे म्हणजे शेणखताच्या ढिगाजवळची एक मूठ माती घेऊन सगळ्या शेताचे माती परीक्षण करण्यासारखे आहे. प्रयोगशाळेगणिक आकडा थोडा बदलतो. साधारणतः ३०० नॅनोग्रॅमच्या खाली (एका डेसिलिटर रक्तरसात) दोन्ही वेळा आले आणि लक्षणेही असली, तरच कमतरता धरतात. सोबत पियूषिकेच्या हुकमांची, म्हणजे एल.एच. आणि एफ.एस.एच. यांची तपासणी असावी. हुकूम जोरात आणि माल कमी, तर दोष वृषणात. हुकूमही मंद आणि मालही कमी, तर दोष वर, किंवा अंगातल्या दुसऱ्या आजारात.

हा दुसरा आजार पुष्कळदा असतो. वाढलेले पोट, हाताबाहेर गेलेला मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, रोजची दारू, दुखण्यावर दीर्घकाळ घेतलेली अफूजन्य औषधे, या सर्वांनी टेस्टोस्टेरॉन उतरते. मूळ आजार सुधारला की ते आपोआप काही प्रमाणात चढते. पानावर पिवळेपणा आला म्हणून युरिया मारत सुटायचे आणि मुळाशी पाणी तुंबले आहे हे बघायचे नाही, तशातला हा प्रकार.

पण सुईने बरे वाटते, त्याचे काय? याचे उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिले आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर जेल देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. शारीरिक संबंधांची इच्छा आणि क्षमता यांत मध्यम सुधारणा दिसली. अंगातील उत्साहात म्हणावा असा फरक पडला नाही. त्यानंतर २०२० साली अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने सल्ला दिला, की वयोमानाने आलेल्या कमतरतेत टेस्टोस्टेरॉन केवळ ताकद, उत्साह, चालणे किंवा स्मरणशक्तीसाठी देऊ नये; लैंगिक तक्रारीसाठी दिले तर वर्षाच्या आत फेरविचार करावा आणि सुधारणा नसेल तर थांबवावे. माझ्या मते साठीच्या माणसाला यातले शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे. ज्या तक्रारीसाठी सुई सुरू केली ती तक्रार कागदावर लिहून ठेवावी, आणि वर्षाने नवरा-बायकोने मिळून प्रामाणिकपणे पाहावे की ती गेली का. एकट्या नवऱ्याच्या उत्तरावर विसंबू नये.

हृदयाच्या भीतीचे बोलले जाते. ५,२०० हून अधिक पुरुषांवर झालेली मोठी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. सर्वांना आधीच हृदयविकार होता किंवा त्याचा धोका जास्त होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे मृत्यू यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ७ टक्के आणि नुसती जेल लावणाऱ्यांत ७.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे निघाले. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. आणखी एक आश्चर्य २०२४ साली पुढे आले : हाडे बळकट होतील अशी अपेक्षा असताना याच चाचणीत हाड मोडण्याचे प्रमाण औषधाच्या गटात जास्त, ३.५ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे २.५ टक्के होते. म्हणजे ही सुई विष नाही, आणि अमृतही नाही.

चालू ठेवणाऱ्याने काय पाहावे

डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितली असेल, तर सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा रक्त तपासावे. या औषधाने रक्त दाट होते. तांबड्या पेशींचा वाटा (हिमॅटोक्रिट) ५४ टक्क्यांच्या वर गेला तर सुई थांबवून कारण शोधतात, आणि नंतर कमी मात्रेने सुरू करायची की नाही ते ठरवतात. डोके जड, चेहरा लालबुंद, पोटरी एकाएकी सुजून दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, असे काही झाले तर तारखेची वाट पाहू नये. चाळिशीनंतर प्रोस्टेट ग्रंथीकडे लक्ष असावे. तिच्या किंवा छातीच्या कर्करोगाचा रुग्ण, सहा महिन्यांच्या आत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला माणूस, घोरताना श्वास अडकत असून उपचार न केलेला माणूस, यांनी ही सुई सुरू करू नये.

जेल लावणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, लावलेली जागा कपड्याने झाकावी, आणि लहान मुलांना त्या जागेशी अंगाला लागू देऊ नये. बापाच्या खांद्यावरची जेल लागून लहान मुलांना अकाली केस आल्याची उदाहरणे आहेत.

दोन-तीन आठवड्यांच्या सुईत चढउतार असतो, हेही जाणून असावे. टोचल्यानंतर पहिले काही दिवस माणूस तरतरीत, शेवटचे काही दिवस मरगळलेला. चालू ठेवू की थांबवू, हा निर्णय त्या शेवटच्या दिवसांत बसून घेऊ नये.

पहिला कागद नसलेल्यांचे काय? त्यांच्या बाबतीत आजच्या रक्ततपासणीत सुईचेच औषध दिसते, स्वतःचे किती ते कळत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुई थांबवून, औषध अंगातून उतरल्यावर, दोन सकाळी पुन्हा तपासणे हा मार्ग राहतो. लांब मुदतीच्या सुईला उतरायला महिने लागतात, म्हणून तारीख डॉक्टरांनीच ठरवावी. यासाठी परळच्या के.ई.एम. इस्पितळात अंतःस्रावांचा, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीचा, वेगळा विभाग आहे. खर्डीहून पहिली गाडी धरली तरी केसपेपरच्या रांगेत वेळ जातोच. पावसाळ्यात आवणी आटोपल्यावर आणि कापणीपूर्वी मधल्या दिवसांत हे काम बसवावे. बरोबर सर्व जुने कागद, रिकाम्या कुप्यांची खोकी आणि शक्य तर बायकोला न्यावे. व्यायामशाळेतली सुई घेतली असेल तर ती लपवू नये. डॉक्टर पोलीस नसतात.

घोणशीच्या त्या गृहस्थाला मी थोरल्या भावासमोरच हे सर्व सांगितले. भाऊ बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “म्हंजे लोकलचा पास काढून दिलेला बरा.” त्याच्या डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहून दिली आहे : पियूषिका निकामी, रोज कॉर्टिसॉलच्या गोळीवर, बेशुद्ध आढळल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोनची सुई द्यावी. आवणीच्या दिवसांत कपडे दिवसभर भिजलेले असतात, म्हणून त्याच्या बायकोने ती दुधाच्या पिशवीत घालून, तोंड मेणबत्तीवर चिकटवून, बंडीच्या आतल्या खिशात शिवून टाकली आहे.